अग्निबाणाचे अपयश आणि शंकेचा अधिकार

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. २० एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, बोका चिका येथील समुद्रकिनाऱ्यावरून ‘स्पेस एक्स’ या खाजगी कंपनीने ‘स्टारशिप’ नावाचा अग्निबाण प्रथमच संपूर्ण जोडणी करून उडवला. उंची सुमारे १२० मीटर, खालच्या टप्प्याला ३३ इंजिने. तोवर माणसाने उडवलेल्या अग्निबाणांत हा सर्वांत प्रचंड होता. सुमारे चार मिनिटांत तो हवेत गिरक्या खात फुटला आणि त्याचे तुकडे मेक्सिकोच्या आखातात पडले. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या तासाला मुले मोबाईलवर ते दृश्य पाहत होती. अग्निबाण फुटला, आणि तो बनवणारे कर्मचारी टाळ्या वाजवून ओरडत होते. एका मुलीने मला विचारले,

“सर, ते तर फुटलं. मग ही माणसं टाळ्या कशाला वाजवायलेत? मी बारावीला एकदा नापास झाले तर घरचे म्हणले, बस झालं तुझं शिकणं.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि प्रयोग म्हणजे काय, हे तिला माझ्या परीने समजावून सांगितले. माझे उत्तर चूक नव्हते. परंतु ते अपुरे होते, हे मला नंतर कळले. तिने एकात दोन प्रश्न विचारले होते. फुटलेल्या वस्तूचे कौतुक का होते, हा पहिला. आणि हे कौतुक कोणाच्या वाट्याला येते व कोणाच्या वाट्याला येत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. दुसऱ्याचे समाजव्यवस्थेत आहे. या लेखात दोन्ही उत्तरे शोधण्याचा प्रयत्न आहे.

हे सांगणे अगत्याचे वाटते, कारण अशा धोक्याच्या उड्डाणांविषयी सामान्य माणसाने शंका काढली की त्याला दोन वाक्यांनी गप्प केले जाते. ‘तुम्हांला विज्ञान कळत नाही’, हे पहिले वाक्य. ‘तुम्ही प्रगतीच्या आड येता’, हे दुसरे. आपल्या माणसांना ही दोन्ही वाक्ये नवी नाहीत. वाक्ये तीच राहतात, विषय तेवढा बदलतो.

१

आधी अग्निबाणाची बाजू समजून घेऊ.

पूल बांधणारा अभियंता लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट बळकटी पुलात ठेवू शकतो. अग्निबाण बनवणाऱ्याला ही चैन परवडत नाही. भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ हा २२ मीटर उंच आणि १७ टन वजनाचा होता. १८ जुलै १९८० रोजी त्याने ‘रोहिणी’ हा जो उपग्रह कक्षेत सोडला, त्याचे वजन होते ३५ किलो. म्हणजे सतरा टनांचा खटाटोप एका पोत्याहून हलक्या ओझ्यासाठी. बाकीचे बहुतेक वजन इंधनाचे. भिंत थोडी जाड केली, नळी थोडी रुंद केली, तर वाढलेले वजन थेट त्या ३५ किलोंतून वजा होते. म्हणून अग्निबाणाचा प्रत्येक भाग तुटण्याच्या सीमेच्या अगदी जवळ काम करीत असतो.

दुसरी अडचण अशी की, जमिनीवर सगळ्या चाचण्या घेता येत नाहीत. एक इंजिन लोखंडी चौकटीत जखडून पेटवता येते. परंतु तेहतीस इंजिने एकदम पेटल्यावर जो हादरा व जो आवाज होतो, हवेचा दाब झपाट्याने कमी होत असताना टाकीतले द्रव जसे हिंदकळते, एक टप्पा गळून पडताना दुसऱ्याला जो हिसका बसतो, ते सगळे एकत्र पाहायचे तर उडवूनच पाहावे लागते. म्हणून पहिले उड्डाण हा निसर्गाला विचारलेला प्रश्न असतो. अग्निबाणाला जागोजागी मापनयंत्रे बसवलेली असतात आणि ती क्षणाक्षणाची माहिती खाली पाठवीत असतात. तो फुटला तरी ती माहिती हाती राहते. बोका चिकाच्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या यासाठी. यश मिळेलच असे नाही, अग्निबाण तळापासून दूर गेला तरी पुष्कळ झाले, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते.

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. एसएलव्ही-३ चे पहिले प्रायोगिक उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून झाले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील आम्ल गळून गेल्यामुळे तो भरकटला आणि बंगालच्या उपसागरात पडला. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसले. त्याच पीएसएलव्हीने २००८ साली चंद्रयान आणि २०१३ साली मंगळयान नेले. १९९३ सालीच तो प्रकल्प गुंडाळला असता, तर हे दिवस दिसले नसते.

तेव्हा फसलेले उड्डाण म्हणजे गुन्हा नव्हे, हे प्रथम मान्य करू.

परंतु येथेच थांबून ‘अग्निबाण असेच फुटत फुटत तयार होतात, यात विचारायचे काय?’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला इतिहास दाखवावा लागेल. अमेरिकेच्या ज्या सॅटर्न-५ अग्निबाणाने माणूस चंद्रावर नेला, त्याची १९६७ ते १९७३ या काळात तेरा उड्डाणे झाली. त्यांत इंजिने बंद पडली, धोक्याचे हादरे बसले. पण एकदाही तो हवेत फुटला नाही. कारण त्याचे टप्पे जमिनीवर जखडून, पूर्ण ताकदीने पेटवून आधी तपासले होते. त्याच काळात सोव्हिएत रशियाने एन-१ हा तीस इंजिनांचा चांद्र-अग्निबाण बनवला. त्याच्या संपूर्ण पहिल्या टप्प्याची अशी जमिनीवरची चाचणी झाली नाही. १९६९ ते १९७२ या काळात त्याची चार उड्डाणे झाली आणि चारही फसली. ३ जुलै १९६९ च्या उड्डाणात तर त्याने स्वतःचा तळच उद्ध्वस्त केला.

याचा अर्थ असा की, किती तपासायचे, किती थांबायचे आणि किती उडवून पाहायचे, ही निवड असते. निवड म्हटली की ती करणारा कोणीतरी असतो, तिचा फायदा घेणारा कोणीतरी असतो, आणि तिची किंमत मोजणाराही कोणीतरी असतो. हे तिघे एकच असतील तर प्रश्नच मिटला. ते तिघे वेगळे असतात तेव्हा शंका काढावी लागते.

२

लोकांच्या शंकांचेही प्रकार आहेत. ते वेगळे केले नाहीत तर शहाण्या शंकेवर वेड्या शंकेचा शिक्का बसतो.

पहिला प्रकार उपहासाचा. ६ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकेचा ‘व्हॅनगार्ड’ जेमतेम चार फूट वर उठला आणि तळावरच कोसळून पेटला. रशियाचा ‘स्पुटनिक’ दोन महिन्यांपूर्वीच आकाशात गेलेला. वृत्तपत्रांनी व्हॅनगार्डला ‘फ्लॉपनिक’ म्हणून हिणवले. परंतु १७ मार्च १९५८ रोजी व्हॅनगार्ड-१ कक्षेत गेला आणि तो आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. स्पुटनिक केव्हाच जळून गेला. ‘यांना जमणारच नाही’ हे वाक्य शंकेचे नसते, तुच्छतेचे असते. ते आपल्या मुलांच्या वाट्याला इतक्यांदा आले आहे की, आपण ते दुसऱ्याविषयी उच्चारताना दहादा विचार केला पाहिजे.

दुसरा प्रकार खर्चाविषयीचा. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ अॅबरनॅथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपणकेंद्रावर गेले. बरोबर खेचरे जुंपलेली गाडी होती. एका बाजूला चंद्रावर जाणारा अग्निबाण, दुसऱ्या बाजूला खेचरांची गाडी. त्यांना जे म्हणायचे होते ते त्या दृश्यानेच सांगितले. ‘नासा’चे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. अॅबरनॅथींनी भुकेचा प्रश्न मांडला आणि अंतराळवीर सुखरूप परत यावेत अशी प्रार्थनाही केली. उद्या बटण न दाबल्याने तुमचे प्रश्न सुटणार असतील तर आम्ही बटण दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर पेन यांनी दिले. पुढल्याच वर्षी गिल स्कॉट-हेरॉन या कृष्णवर्णीय कवीने ‘व्हाइटी ऑन द मून’ ही कविता ध्वनिमुद्रित केली. घरातले दारिद्र्य आणि चंद्रावरचा गोरा माणूस यांना तिने शेजारी शेजारी उभे केले.

पेन यांचे उत्तर सभ्य होते, पण त्याने प्रश्न चुकवला. अग्निबाण थांबवला की भाकरी मिळते, असे अॅबरनॅथी म्हणत नव्हते. जो समाज एवढे अवघड काम करू शकतो, त्याला भाकरीचे काम अवघड कसे वाटते, असे त्यांचे विचारणे होते. अग्निबाणाच्या यशाने हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्या देशाने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान अलगद उतरवले, त्याच देशात गटाराच्या टाकीत माणूस उतरवला जातो आणि गुदमरून मरतो. याचा दोष चंद्रयानाला देता येत नाही. पण ‘तंत्रज्ञान उपलब्ध नव्हते’ ही सबब त्या दिवशी कायमची संपली.

खर्चाची ही शंका खाजगी कंपनीलाही लागू आहे. ‘त्यांचा पैसा, त्यांनी काही करावे’ असे स्टारशिपबद्दल म्हटले जाते. परंतु चंद्रावर माणसे उतरवण्यासाठी याच यानाची एक आवृत्ती तयार करावी म्हणून ‘नासा’ने एप्रिल २०२१ मध्ये या कंपनीला सुमारे २८९ कोटी डॉलरचे कंत्राट दिले होते. तो अमेरिकन जनतेचा पैसा आहे.

तिसरा प्रकार जोखमीविषयीचा. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा, आणि याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

३

माझे वडील विहिरींच्या खोदकामावर होते. घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. सुट्टीच्या दिवशी मी त्यांची भाकरी घेऊन कामावर जात असे. काळा पाषाण लागला की विहिरीत बार भरावा लागे. भोके पाडायची, दारू ठासायची, वात लावायची, वात पेटवून दोराने वर यायचे आणि पळायचे. मुकादम लांब लिंबाखाली उभा असे. बार उडाला की सगळे खाली जात. पण कधी कधी चार बार लावले आणि तीनच आवाज आले, असे होई. चौथा फुसका गेला, की त्याची वात अजून आत धुमसते आहे, हे वरून कळत नाही. मग कोणीतरी खाली उतरून बघायचे. त्या वेळी मुकादम कोणाचे नाव घेईल, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. त्याला मुकादमाने कधी ‘तुझी तयारी आहे का?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही.

पदार्थविज्ञान शिकून मला स्फोटाची रासायनिक क्रिया कळली. पण जोखीम म्हणजे काय, हे मी त्या विहिरीच्या काठावर शिकलो. जोखीम म्हणजे अपघात होण्याची शक्यता किती, एवढेच नव्हे. ती कोणाच्या अंगावर आहे आणि तिचा निर्णय कोण घेतो, हेही जोखमीतच येते.

अग्निबाणांच्या इतिहासात फुसका बार बघायला पाठवण्याचा सर्वांत भयंकर प्रसंग २४ ऑक्टोबर १९६० रोजी सोव्हिएत रशियाच्या बायकोनूर तळावर घडला. आर-१६ हे क्षेपणास्त्र इंधन भरून उभे होते आणि त्यात दोष आढळला. इंधन काढून घेऊन मग दुरुस्ती करणे, हा सुरक्षित मार्ग होता. परंतु वेळ नव्हता. तारखेची घाई होती. भरलेल्या अग्निबाणाभोवती माणसे चढवून दुरुस्ती सुरू झाली. दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अचानक पेटले आणि सत्तरहून अधिक माणसे जळून मेली. मोहिमेचे प्रमुख मार्शल नेडेलिन हे स्वतः अग्निबाणाजवळ खुर्ची टाकून बसले होते, तेही मेले. ते झाडाखाली उभे राहणारे मुकादम नव्हते, हे खरे. पण ते तेथे स्वतःच्या निर्णयाने बसले होते, आणि बाकीचे त्यांच्या हुकुमाने उभे होते. नेडेलिन विमान-अपघातात वारले, असे जाहीर करण्यात आले. मेलेल्यांच्या गावापर्यंत खरी बातमी उघडपणे पोहोचायला १९८९ साल उजाडले.

आता बोका चिकाकडे परत येऊ. त्या उड्डाणात कोणी जखमी झाले नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. पण अग्निबाणाखालचे काँक्रीट इंजिनांच्या झोताने उखडले आणि त्याचे ढेकळांएवढे व त्याहून मोठे तुकडे आजूबाजूच्या पाणथळ भूमीत दूरवर उडाले. दहा किलोमीटरांवरील पोर्ट इझाबेल या गावावर धुळीचा पाऊस पडला. जवळच्या राखीव उद्यानात साडेतीन एकरांना आग लागली. झोताचा मारा सोसण्यासाठी पाण्याने थंड होणारी पोलादी तबकडी बसवायचे आधीच ठरले होते. ती वेळेवर तयार झाली नाही म्हणून तिच्यावाचून उड्डाण झाले. अग्निबाण भरकटल्यावर त्याला नष्ट करण्याचा जो आदेश गेला, तो प्रत्यक्षात यायला सुमारे चाळीस सेकंद लागले. अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने चौकशीअंती ६३ सुधारणा करावयास लावल्या.

येथे मुलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उभा राहतो. अग्निबाण फुटला, हा प्रयोगाचा भाग होता. परंतु तळाचे काँक्रीट टिकेल की नाही, हे जाणण्यासाठी आकाशात जावे लागत नाही. ती घाईची किंमत होती आणि ती धुळीच्या रूपाने पोर्ट इझाबेलच्या घरांवर पडली. तेथील माणसे या प्रयोगात सामील झाली नव्हती. प्रयोग त्यांच्यावर येऊन पडला.

पुढे १६ जानेवारी आणि ६ मार्च २०२५ च्या उड्डाणांत यानाचे तुकडे कॅरिबियन समुद्राच्या परिसरात पडले आणि प्रवासी विमानांना वाट बदलावी लागली. १८ जून २०२५ रोजी एक यान जमिनीवरील चाचणीतच फुटले. त्यानंतर पलीकडच्या मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या किनाऱ्यावर आलेल्या अवशेषांची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. याच काळात प्रगतीही झाली. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी परत येणारा खालचा टप्पा मनोऱ्याच्या बाहूंनी झेलला गेला, आणि ऑगस्ट व ऑक्टोबर २०२५ ची उड्डाणे ठरल्याप्रमाणे पार पडली. अपयशातून शिकता येते, हा कंपनीचा दावा खोटा ठरलेला नाही. पण यशाने आधीची धूळ पुसली जात नाही.

बोका चिकाच्या भोवतालचा मुलूख मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या, बेताच्या कमाईच्या लोकांचा आहे. तो समुद्रकिनारा त्यांच्यासाठी फुकटची करमणूक आणि मासेमारीची जागा. चाचण्यांसाठी तो वारंवार बंद होतो. तो आपला पवित्र प्रदेश असल्याचे कारीझो-कोमेक्रूडो या आदिवासी जमातीचे म्हणणे आहे. तळाजवळच्या लहानशा वस्तीतील लोकांना २०१९ पासून घरे विकून जाण्याचे प्रस्ताव देण्यात आले. ३ मे २०२५ रोजी ‘स्टारबेस’ नावाचे स्वतंत्र शहर स्थापण्यासाठी तेथे मतदान झाले. मते पडली २१२ विरुद्ध ६. आणि मतदारांत बहुसंख्य कंपनीशी संबंधित. आधी वस्ती रिकामी होते, मग नवी वस्ती मत देते. याला लोकशाही म्हणायचे की लोकशाहीचा देखावा, हे वाचकांनीच ठरवावे.

४

तळ अशाच जागी का होतात? याला शास्त्रीय कारण आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे उडवलेल्या अग्निबाणाला तिचा वेग फुकट मिळतो, आणि विषुववृत्ताजवळ तो सर्वाधिक मिळतो. शिवाय पूर्वेला समुद्र असला म्हणजे तुकडे माणसांवर पडत नाहीत. म्हणून विषुववृत्ताजवळचा, पूर्वेला समुद्र असलेला, ‘निर्मनुष्य’ किनारा शोधला जातो. यातील पहिल्या दोन अटी भूगोलाच्या आहेत. तिसरी मात्र पुष्कळदा दृष्टीची असते. ज्यांच्याकडे सातबारा नाही, ती माणसे नकाशावर दिसत नाहीत.

ब्राझीलमधील अल्कांतारा विषुववृत्तापासून अवघ्या अडीच अंशांवर आहे. तेथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, ज्यांना क्विलोंबोला म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी व शेती करून राहत होते. १९८० नंतरच्या दशकात अग्निबाणतळासाठी त्यांतील ३१२ कुटुंबे समुद्रापासून दूर, आखून दिलेल्या वसाहतींत नेऊन बसवली. कोळ्याला समुद्रापासून दूर बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. २२ ऑगस्ट २००३ रोजी त्याच तळावर ब्राझीलचा अग्निबाण उड्डाणाच्या काही दिवस आधी अचानक पेटला आणि २१ तंत्रज्ञ ठार झाले. या कुटुंबांचे हक्क ब्राझीलच्या सरकारने डावलले, असा निकाल आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने दिला, तो २०२५ साली जाहीर झाला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. अग्निबाणाला कक्षेत जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

आणि आपले श्रीहरिकोटा? १९६९ साली हे आंध्रचे बेट निवडले गेले, आणि १९७१ च्या ऑक्टोबरात तेथून पहिला लहान अग्निबाण उडाला. त्या बेटावर यानादी हे आदिवासी राहत. जंगलातून कंदमुळे व मध गोळा करणे, मासे धरणे हे त्यांचे जगणे. त्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या; काहींना तेथेच मजुरीची कामे मिळाली. एसएलव्हीची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. यानादींचे नाव मी माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नाही, आणि मी भौतिकीत पदव्युत्तर पदवी घेतलेली आहे. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटाच्या घन-इंधन कारखान्यात स्फोट होऊन सहा जण मेले, हेही किती जणांना आठवते?

५

शंका फक्त कुंपणाबाहेरच्यांनीच काढावी असे नाही. ती आतूनही येते, आणि तेव्हा तिची किंमत अधिक असते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. आदल्या रात्री अभियंत्यांनी सांगितले होते की, थंडीत रबरी कडी कडक होतात, उड्डाण करू नका. वरिष्ठांनी त्यांना बाजूला सारले. चौकशी मंडळावरील पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांना आढळले की, अपघाताची शक्यता व्यवस्थापक एक लाखात एक सांगत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकच्या आसपास. यंत्र तेच, हवा तीच, फरक खुर्चीचा. जो यंत्राच्या जवळ असतो त्याचा आकडा ऐकला जात नाही, हा अनुभव विहिरीवरच्या माणसालाही आहे.

एसएलव्ही-३ ची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९७९ च्या उड्डाणाआधी संगणकाने ‘थांबा’ असे सांगितले होते. तज्ज्ञांच्या भरवशावर आपण ते बाजूला सारून उड्डाण केले, असे मोहिमेचे संचालक अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले. अपयशानंतर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी यश आले तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. ही कथा आपण नेतृत्वाचा आदर्श म्हणून सांगतो, आणि तो आदर्श खराच आहे. परंतु तिच्यात दुसरा धडाही आहे. यंत्राने काढलेली शंका माणसांनी ऐकली नव्हती. कलामांनी ते लपवले नाही, म्हणूनच आपल्याला तो धडा घेता येतो.

तेव्हा अशा उड्डाणाविषयी नागरिकाने काय विचारावे? मला चार प्रश्न सुचतात. यश कशाला म्हणायचे आणि अपयश कशाला, हे उड्डाणाआधी सांगितले होते काय? कारण नंतर सांगितलेली व्याख्या म्हणजे निकाल पाहून उत्तीर्णतेचे गुण ठरवणे होय. थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, आणि त्याने तो वापरला असता तर त्याची नोकरी राहिली असती काय? अग्निबाणाच्या वाटेखाली कोण राहते, आणि त्याला आधी कोणी विचारले होते काय? फसल्यावर चौकशी कोणी केली, आणि तिचा अहवाल ज्यांच्या पैशाने व ज्यांच्या डोक्यावर हे घडले त्यांच्यापुढे आला काय? यांपैकी एकाही प्रश्नाला अग्निबाणाची गणिते यावी लागत नाहीत. विज्ञान कळत नाही म्हणून गप्प बसा, असे हे प्रश्न विचारणाऱ्याला म्हणता येणार नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस बुद्धी वाढवणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. तिन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. शंका हे आपले कर्तव्यच आहे. कोणाची मेहेरबानी नव्हे.

आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळले पाहिजे. ‘हे सगळे वरच्यांचे खेळ, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून पाठ फिरवणे, किंवा माणूस चंद्रावर गेलाच नाही असल्या भाकडकथांवर मान डोलवणे, ही शंका नव्हे. ती ज्ञानाकडे पाठ आहे, आणि ज्ञानाची दारे बंद ठेवणाऱ्यांना आपण ती पाठ दाखवावी, हेच हवे असते. ज्यांना वादळाची सूचना मिळावी लागते, ते समुद्रावर जाणारे कोळी आहेत. ती सूचना उपग्रहच देतो. अग्निबाण आपलाही आहे. तो आपला आहे म्हणूनच त्याचा हिशेब मागायचा.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात उरलेले उत्तर दिले. तिला सांगितले की, टाळ्या वाजवणारे वेडे नव्हते. पुन्हा प्रयत्न करण्याची सोय ज्याच्याकडे आहे, तोच अपयशावर टाळ्या वाजवू शकतो. २०१० साली जीएसएलव्हीची दोन उड्डाणे लागोपाठ फसली. देशाने त्याला घरी बसवले नाही, तीन-चार वर्षे दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तो यशस्वी झाला. यंत्राला दिलेली ही संधी योग्यच होती. तीच संधी एका विषयात राहिलेल्या मुलीला मिळाली पाहिजे, आणि अग्निबाणाच्या वाटेखाली राहणाऱ्याला ‘थांबा’ म्हणता आले पाहिजे. 

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग सर, ते धूळ पडलेल्या गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या का?”

प्रयोग यशस्वी झाला की नाही, हे ठरवताना हा प्रश्नही तपासयादीत असला पाहिजे. तो एका नापास झालेल्या मुलीने विचारला, याची नोंद मी येथे करून ठेवतो.